हजेरीपटावरचं नाव

जून आला की घरोघरी एकच धांदल. दप्तर, वह्यांची कव्हरं, जन्मदाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स. पहिल्या दिवशी मूल रडलं नाही, की अम्मी-अब्बू सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मूल शाळेत दाखल झालं म्हणजे शाळा त्याची झाली, असं असतं का?

माझ्या बहिणीची जुवेरिया दुसरीत आहे. एका सुट्टीच्या दुपारी ती बाहुल्या ओळीत बसवून शाळा शाळा खेळत होती. बाई तीच, विद्यार्थिनीही तीच. हजेरी घेताना तिनं पुकारलं, "जुई!" आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर, बाई!" मी विचारलं, "ही जुई कोण गं?" ती म्हणाली, "मीच की, खाला. माझं नाव अवघड आहे ना, म्हणून बाई मला जुई म्हणतात." बहीण हसली. आमच्या अम्मी मात्र हसल्या नाहीत. नातीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं.

बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सात वर्षांच्या पोरीनं धडा घेतला होता, की शाळेत येताना आपलं नाव घरी ठेवून यायचं. मला माझी शाळा आठवली. निबंधात पहिली आले तेव्हा एक सर कौतुकानं म्हणाले, "मुस्लिम असून किती छान मराठी लिहितेस!" आमच्याकडे आजीपासून सगळे मराठीच बोलायचे. शाबासकी मिळाली, पण त्या दिवसापासून मी त्या वर्गात पाहुणी झाले.

साताऱ्याच्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना प्रवेश होता. पण बसायला कोपऱ्यात वेगळं गोणपाट, तेही रोज घरून न्यायचं आणि परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायानंच सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या यातनेशी आपल्या मुलांच्या दुखण्याची बरोबरी होणार नाही. पण हजेरीपटावर नाव असलं म्हणजे वर्गात मानाची जागा मिळतेच असं नाही, हे त्यातून कळतं.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलं कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. गरिबी हे मोठं कारण आहेच. पण जिथं परकं वाटतं, तिथून उठून यायला लहानसं निमित्तही पुरतं.

म्हणून बहिणींनो, तक्रारीची वेळ येण्याआधीच शाळेची पायरी चढा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला मारण्याला आणि त्याच्या मानसिक छळालाही बंदी घातली आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असं हाच कायदा सांगतो. शाळेचा कारभार आणि अनुदानाचा खर्च यांवर नजर ठेवणं हे या समितीचं काम. त्या खुर्च्या आपल्याही आहेत.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. वर्गात बिहारहून आलेल्या मजुराचा मुलगा असेल, पाय अधू असलेली मुलगी असेल, तर आपली मुलं त्यांना कोणत्या नावानं हाक मारतात, हे एकदा कान देऊन ऐका. आपल्या मुलासाठी जी इज्जत मागायची, ती दुसऱ्याच्या मुलाला द्यायला आपणच शिकवायची.

बहीण बाईंना जाऊन भेटली. भांडली नाही. एका कागदावर 'जु-वे-रि-या' असं तोडून लिहून दिलं आणि म्हणाली, "बाई, तिच्या आजीनं हौसेनं ठेवलंय." बाई ओशाळल्या. तिच्यादेखत दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जुवेरिया घरी आली ती दारातूनच ओरडत, "नानी, आज बाईंनी माझं पूर्ण नाव घेतलं!"