प्रकल्प पोराचा, जागरण आई-बापाचं

परवा रात्री सव्वानऊला झेरॉक्सच्या दुकानात थांबलो होतो. एक गृहस्थ घाईघाईनं आले. "पंचगंगा नदीची माहिती काढून द्या ओ. चार पानं, कलरमध्ये. उद्या पोराला प्रकल्प द्यायचाय." दुकानदारानं काही विचारलं नाही. त्याच्याकडं फाईल तयारच होती. त्या आठवड्यात तीच पंचगंगा त्यानं सात-आठ जणांना दिली होती म्हणे! पोरगं बाहेर गाडीवर बसून पेंगत होतं. तिसरी-चौथीतलं असेल.

हसू नका, आमच्या घरीपण हेच झालंय. भाचीसाठी पुठ्ठ्याचा पन्हाळा मी रात्री एक वाजेपर्यंत कापत बसलो होतो. तिला छान शेरा मिळाला. पन्हाळ्याबद्दल तिला काय कळलं, हे मात्र शाळेत कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीपण विचारलं नाही.

२०१० पासून आपल्याकडं आकारिक मूल्यमापन आलं. तोंडी काम, उपक्रम, चाचणी यांच्या रांगेत प्रकल्पही बसला. हेतू चांगला होता. पोरानं घोकण्यापेक्षा हातानं करून, बघून शिकावं. मग बिघडलं कुठं? माझ्या मते प्रश्नात. "पंचगंगा नदीची माहिती लिहा" हा प्रश्नच नाही, हुकूम आहे. त्याचं उत्तर आधीच कुठंतरी लिहिलेलं आहे, ते फक्त उतरवायचं. आणि उतरवायचंच असेल तर पोरापेक्षा प्रिंटर चांगलं उतरवतो.

आता हाच विषय असा विचारून बघा: "पुढचा महापूर आला तर आपल्या गल्लीनं काय तयारी ठेवायला पाहिजे?"

याचं उत्तर झेरॉक्सवाल्याकडं नाही, गुगलवर नाही, बाईंकडंपण नाही. पोराला उठून जावंच लागतं. २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? २०२१ ला? भिंतीवर खूण आहे का? टेप लावून मोज. आजीला विचार, दुकानदार काकांना विचार. सुतारवाड्यातली माणसं सगळ्यात आधी का हलवावी लागतात? चिखली, आंबेवाडीतली माणसं जनावरं कुठं नेतात? मोजमाप आलं म्हणजे गणित आलं. मुलाखत आली म्हणजे भाषा आली. नदी, धरण, उतार आले म्हणजे परिसर अभ्यास आला. वेगळे तास कशाला पाहिजेत?

यात पोरं कसले प्रश्न काढतील बघा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा पाठ असतं. दोन्ही महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मग एखादं पोरगं विचारणारच, "सर, बंधाऱ्यावर ५५ फूट, मग आमच्या दारात गुडघाभरच कसं?" इथं सरांनी लगेच उत्तर दिलं की संपलं. सरांनी म्हणावं, "तुला काय वाटतं? कसं शोधूया?" मग कुणी म्हणेल आमचं घर चढावर आहे, कुणी रस्त्यावर चेंडू सोडून उतार बघेल, कुणी दोन घरांच्या खुणा मोजून फरक काढेल. पाण्याची पातळी आणि पाण्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पोराला जन्मभर सांगावं लागणार नाही. मोठ्या माणसांतपण कितीजणांना हे सांगता येईल?

पण मोकळा प्रश्न म्हणजे मोकाट प्रश्न नव्हे. "पाण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं तर पोरं "पाणी हे जीवन आहे" लिहून मोकळी होतात. प्रश्न पोराच्या पायाला पोचेल एवढ्या अंतरातला पाहिजे, आणि त्याला एकाहून जास्त उत्तरं असली पाहिजेत. पुढं शिक्षकाचं काम म्हणजे मधेमधे टोकत राहणं: हे तुला कसं कळलं? दुसरं कोण वेगळं सांगतंय? दोघांचे आकडे जुळत नाहीत, आता काय करायचं?

हे काही परदेशातलं खूळ नाही. आपल्याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. मुलाच्या अनुभवातून आणि आजूबाजूच्या परिसरातून शिकवायचं, हा त्या प्राथमिक शाळेचा पाया. २०२० मध्ये लीलाताई गेल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी श्रद्धांजलीच्या पोस्ट टाकल्या. त्यांची पद्धत मात्र "त्या शाळेचं वेगळं आहे" म्हणून बाजूला ठेवली.

आता शिक्षक मित्र म्हणतील, "बोलायला काय जातंय? वर्गात पन्नास पोरं, वर ऑनलाइन माहिती भरा, सर्वेक्षणं करा, शिष्यवृत्तीचे जादा तास घ्या." खरं आहे. अशैक्षणिक कामं कमी झालीच पाहिजेत, त्यासाठी पालकांनीपण शिक्षकांच्या बाजूनं बोललं पाहिजे. पण म्हणूनच सांगतो, वर्षाला दहा प्रकल्प नकोत. एकच द्या. शाळेच्या वेळेत, गटानं, महिनाभर चालणारा. सजावटीला शून्य मार्क ठेवा. वहीत खाडाखोड दिसली तर खूश व्हा, पोरानं स्वतः केलंय याचा तो पुरावा आहे.

आणि पालकांनो, आपणपण जरा हात आवरूया. विकतचं साहित्य आणणारे, रात्री पुठ्ठे कापणारे आपणच आहोत. ज्याला पैसे आणि वेळ आहे त्याच्या पोराचा प्रकल्प देखणा, आणि ज्याची आई दिवसभर धुणीभांडी करते त्याचं पोरगं वर्गात मान खाली घालून उभं. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते सगळी पोरं एका बाकावर यावीत म्हणून. आपण प्रकल्पाच्या नावाखाली त्यांना परत वेगळं बसवतोय. भिंतीवरची पुराची खूण मोजायला मात्र एक टेप आणि दोन दोस्त पुरतात.

पुढच्या पालकसभेत "किती मार्क पडले?" च्या आधी एवढंच विचारा: "बाई, या प्रकल्पात प्रश्न काय होता?"

तुमच्या पोराला मिळालेला शेवटचा प्रकल्प कोणता आणि तो खरं कुणी केला, खाली प्रामाणिकपणे लिहा. माझं मी वर सांगितलंय.