काळ्या चबुतऱ्याची नावे

छत्रपती संभाजीनगरातल्या क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराला विचारून पाहा, क्रांती कसली? हा मुळात काळा चबुतरा. जून 1857 मध्ये हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या पहिल्या घोडदळाने दख्खन सोडून दिल्लीच्या बादशहावर चालून जायला नकार दिला. इंग्रजांचा जनरल वुडबर्न पुण्याहून तोफा घेऊन आला. मग कोर्टमार्शल आणि या चबुतऱ्यावर शिक्षा: दफेदार मीर फिदा अलीला फाशी, कित्येकांना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले.

याच ब्रिटिश साम्राज्यासाठी मेलेल्या तेरा हजारांवर जवानांची नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत. बेल्जियममधल्या ईप्रच्या मेनिन गेटवर 54 हजारांहून जास्त. तिथे रोज रात्री आठला बिगूल वाजतो. हुकूम पाळणाऱ्यांना दगड मिळाला. मोडणाऱ्यांच्या वाट्याला चौकाची पाटी आली, तीही जाहिरातींच्या फलकांतून दिसली तर!

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांना या शहरात सरकारी मानवंदना मिळते, ती योग्यच. चबुतऱ्यावरच्या घोडेस्वारांसाठीही महापालिकेने अभ्यासक नेमून 1857 च्या लष्करी नोंदी धुंडाळाव्यात. सापडतील ती नावे मराठीत आणि उर्दूतही कोरावीत. न सापडलेल्यांसाठी दगड तेवढा कोरा ठेवावा.