दुभंगलेली वेस : थोरले आणि धाकटे स्लेमेन्त्से

स्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाला वेल्के स्लेमेन्त्से नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याचा मुख्य रस्ता सीमेवरच्या फाटकापाशी थांबतो. फाटकापलीकडे तोच रस्ता, तशीच घरे, तीच हंगेरियन भाषा. मात्र देश युक्रेन, गावाचे नाव माली सेलमेन्त्सी आणि घड्याळ एक तास पुढे. ‘वेल्के’ म्हणजे थोरले, ‘माली’ म्हणजे धाकटे.

सीमा नद्या-पर्वतांनी आखलेल्या असतात, हा शालेय नकाशांनी रुजवलेला समज येथे टिकत नाही. हा सारा सपाट मैदानी मुलूख. रेषा अमुक ठिकाणीच पडावी, असे भूगोलाने कोठेही सुचवलेले नाही.

ती सुचवली मॉस्कोने. २९ जून १९४५ च्या करारान्वये चेकोस्लोव्हाकियाने आपला पूर्वेकडचा रूथेनिया प्रांत सोव्हिएत संघाला दिला. परंतु प्रांताची जुनी हद्दही पाळली गेली नाही. महायुद्धापूर्वी स्लोव्हाकियात मोडणारे चोप सोव्हिएत बाजूला गेले. चोप हे लोहमार्गांचे मोठे जंक्शन. युरोपीय आणि रशियन रुळांची भिन्न मापे तेथे एकमेकांना भिडतात. महासत्तेला ते हवेसे वाटणे स्वाभाविकच. रुळांना वजन होते, गावच्या रस्त्याला नव्हते. १९४६ मध्ये स्लेमेन्त्सेच्या मधोमध कुंपण उभे राहिले.

धाकट्या स्लेमेन्त्सेत १९१० साली जन्मलेल्या आणि दीर्घायुष्य लाभलेल्या माणसाची कल्पना करावी. ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, १९३८ पासून हंगेरी, मग सोव्हिएत संघ, १९९१ पासून युक्रेन : उंबरठा न ओलांडता पाच राज्ये!

कुंपणाआडून गाण्यांच्या चालीवर निरोप पोहोचवले जात, ही आठवण आज फार कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकात मूळ क्रौर्य झाकले जाते. समोरच्या घरातील लग्नाला किंवा अंत्यविधीला जायचे, तर परवानगीचे कागद जमवून उझहोरोदच्या सीमानाक्यावरून मोठा वळसा घालावा लागे. अंत्यविधी कागदांसाठी थांबत नाही.

पुढे येथे सेकेय धाटणीची कोरीव लाकडी वेस उभारली गेली, तीही दुभागून : अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. २३ डिसेंबर २००५ रोजी पादचारी व सायकलस्वारांसाठी मार्ग खुला झाला आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘गाव पुन्हा एक झाले’ असे मानून विषय मिटवला. तो मिटला नव्हता. २१ डिसेंबर २००७ रोजी स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात सामील झाला. ब्रातिस्लाव्हाहून पॅरिसपर्यंतच्या सीमा-तपासण्या त्याच दिवशी संपल्या. धाकट्या स्लेमेन्त्सेतील माणसाला मात्र शेजारच्या अंगणात जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागू लागला. युक्रेनच्या नागरिकांची अल्पकालीन प्रवासासाठी त्यातून सुटका झाली ती थेट जून २०१७ मध्ये. कुंपण पडले तेव्हा जे तरुण होते, त्यांतले फार थोडे तोवर उरले होते.