लोह कमी असलेला वेल्डर

वार्षिक तपासणीच्या अर्जात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘सीओटू वेल्डिंग’ लिहिलेले असते. चार ओळी खाली हिमोग्लोबिनचा आकडा असतो. चाकण-भोसरी पट्ट्यातले आपण कारखाना-डॉक्टर हे दोन्ही रकाने रोज भरतो, पण शेजारी ठेवून वाचत नाही. या वेळी आमचा आग्रह तेवढाच आहे.

सीओटूच्या नेहमीच्या तारेत दीड टक्क्याच्या आसपास मँगनीज असते. आर्कच्या उष्णतेत ते लोखंडाआधी उडते, म्हणून धुरात त्याचे प्रमाण तारेपेक्षा बरेच जास्त. मँगनीज शरीराला परके नाही. मायटोकॉन्ड्रियातले सुपरऑक्साइड डिस्म्युटेज त्याच्यावरच चालते. फक्त लागते किती, तर साऱ्या देहात मिळून दहा-वीस मिलिग्रॅम. लोह तीन-चार ग्रॅम लागते. आतड्यात मँगनीज बरेचसे लोहाच्याच दाराने, डीएमटी-1 या वाहक प्रथिनातून शिरते. लोह कमी पडले की आतडे हे दार रुंद करते आणि लोहाच्या नावाने मँगनीजही आत येते. धुराचे जे कण कफाबरोबर गिळले जातात, त्यांची त्यामुळे सोयच होते. फुप्फुसातून थेट रक्तात उतरलेला भाग तर यकृताची चाळणी चुकवून मेंदूकडे जातो. मँगनीजचे खनिज दळणाऱ्या मजुरांची बिघडलेली चाल ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी 1837 मध्येच नोंदवली होती.

शिशाची तऱ्हा आणखी बेरकी. तेही लोहाची कमतरता असताना जास्त शोषले जाते. आत आले की एएलए डिहायड्रेटेजमध्ये तीन सिस्टीनांनी धरलेल्या जस्ताला हटवून तिथे बसते, आणि हीम बनवण्याची साखळी सुरुवातीलाच अडते. शेवटच्या पायरीवर लोह बसायचे तिथे जस्त बसते, म्हणून झिंक प्रोटोपॉर्फिरिन वाढते. पण नुसत्या लोहाच्या कमतरतेतही नेमके हेच वाढते! सोल्डरिंगच्या बाकावरच्या मुलीचा हा आकडा चढलेला दिसला, तर रक्तातले शिसे आणि फेरिटिन दोन्ही पाहिल्याशिवाय निदान लिहू नये.

प्लेटिंगवाल्यांच्या क्रोमची वाट वेगळी: क्रोमेट दिसते सल्फेटसारखे, म्हणून सल्फेटच्या मार्गाने पेशीत घुसते. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

शिसे, मँगनीज आणि क्रोमचे व्रण हे 1948 च्या कारखाना अधिनियमातल्या, कळवाव्या लागणाऱ्या आजारांच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. लोहाची कमतरता तिथे नव्हती, कारण ती कारखान्याने दिलेली नाही. कामगार ती घरून घेऊन येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया आणि 21.9 टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. शिवाय लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या कितीतरी आधी संपतो. म्हणजे 13 चा आकडा पाहून ‘फिट’ असा शिक्का मारलेल्यांतही रुंद दाराची माणसे असणारच.

धूर ओढणारा पंखा आधी, गोळ्या नंतर, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. लोहाच्या गोळ्या वाटून व्यवस्थापनाला एक्झॉस्टचा खर्च वाचवता येईल, असा अर्थ या मजकुरातून कोणी काढू नये.

कँटीनबद्दल मात्र दोन शब्द. जेवणावर लगेच चहा नको, त्यातले टॅनिन लोह अडवते. कांदा अवश्य हवा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 2010 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले की कांदा-लसूण सोबत असले तर धान्य-डाळींतले लोह व जस्त अधिक उपलब्ध होते. चाकणला कांद्याची बाजारपेठ शोधायला नको.

पुढच्या तपासणीच्या अर्जात वेल्डर, सोल्डरिंग आणि बॅटरी विभागासाठी फेरिटिनचा रकाना वाढवा. सर्दी-तापात किंवा सुजेत फेरिटिन खोटे चढते. सीआरपी सोबत मागवायला विसरू नका.