यादी कोण करतं?

सभेच्या आदल्या रात्री एक यादी तयार होते. मंचावर कोण, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कोण, हेलिपॅडवर हार घालायला कोण, हे तिच्यात असतं आणि शेवटच्या पानावर पत्रकारांची नावं असतात. आमच्या मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी ती नेत्याच्या कार्यालयात बनते. सकाळी तोच कागद गेटवरच्या पोलिसाच्या हातात येतो आणि तिथून पुढे तो सरकारी हुकूम होतो. माझं भांडण त्या हस्तांतराशी आहे. पक्षाने आपल्या घरी कोणाला चहाला बोलवावं हा पक्षाचा प्रश्न. पण बंदोबस्ताचे पोलीस सरकारी, मैदान बहुतेक वेळा सार्वजनिक आणि बोलणारा माणूस आमची मतं मागायला आलेला. अशा ठिकाणी बातमीदाराला आत घ्यायचं की नाही हे नेत्याच्या पीएने ठरवायचं आणि ते अमलात आणायचं पोलिसांनी, हे मला मान्य नाही.

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे आणि पेपरची एजन्सीही माझीच आहे. पहाटे नांदेडहून गाडी आली की गठ्ठे सोडायचे, पोरांना लाइन वाटून द्यायची, नंतर झेरॉक्सचं दुकान उघडायचं आणि दुपारी बातम्या पाठवायच्या. मानधनातून पेट्रोल निघत नाही. घर चालतं ते दुकानावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर. जाहिराती कुठून येतात? वाढदिवस, नियुक्ती, दिवाळीच्या शुभेच्छा. म्हणजे ज्याच्या सभेची बातमी करायची, त्याच्याच कार्यालयातून. तालुक्याच्या पत्रकाराला आत सोडण्याचा प्रश्न या हिशोबापासून वेगळा काढता येत नाही. गेल्या तिमाहीत त्यांची जाहिरात छापलेला आणि प्रश्न न विचारणारा, हे दोघे यादीत आपोआप येतात.

2024 च्या विधानसभेच्या वेळी एका मोठ्या सभेला मी गेलो होतो. मला एकच विचारायचं होतं: सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये जाहीर झालाय, मोंढ्यात त्याच्या खाली बोली लागते, मधला फरक शेतकऱ्याला कोण देणार? गेटवरचा हवालदार मला ओळखणारा. म्हणाला, "काका, तुमाला मी रोज बघतो. पण यादी आमची नाही, वरून आली." बाजूला उभा असलेला सुरक्षावाला पोरगा म्हणाला, "व्हिडिओ ग्रुपवर येईल ना, तिथून घ्या." व्हिडिओ आला. भाषण पूर्ण होतं, कॅमेरा मंचावरून हलला नव्हता. मागच्या खुर्च्या भरल्या होत्या की रिकाम्या, मध्येच कोण उठून काय ओरडलं, हे त्यात कसं दिसणार? आता बहुतेक सभांच्या बातम्या अशाच व्हॉट्सॲपवरच्या प्रेस नोटवरून छापल्या जातात. वाकडा प्रश्न विचारला की माणसाला ग्रुपमधून काढतात. पूर्वी गेटवर अडवावं तरी लागायचं.

याची दुसरी बाजूही आमच्याच मतदारसंघाने पाहिली. मुदखेड हा भोकर विधानसभेचा भाग. 2009 च्या निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण इथले उमेदवार होते. मोठ्या मराठी दैनिकांतून त्यांच्या गौरवाच्या 'अशोक पर्व' पुरवण्या आल्या. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की वेगवेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने, शब्दाला शब्द तोच मजकूर छापलाय. उमेदवाराने वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता 5,379 रुपये. पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांनी ही पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, असल्याची तक्रार केली, चव्हाणांनी पैसे दिल्याचं नाकारलं. जुलै 2014 मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशोबावरून नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. माझ्या दृष्टीने मिटलेला नाही, कारण भोकर, अर्धापूर आणि मुदखेडच्या वाचकाला त्या दिवसांत उमेदवाराबद्दल जे वाचायला मिळालं, ते तिथे जाऊन, पाहून, विचारून लिहिलेलं होतं का, याचं उत्तर त्याला कोणी दिलं नाही. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी पेड न्यूजवर 2010 मध्ये केलेला सविस्तर अहवालही कौन्सिलने आधी दाबून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर 2011 मध्ये तो लोकांपुढे आला.

हे एकाच पक्षाचं दुखणं म्हणता येणार नाही. सप्टेंबर 2023 मध्ये विरोधी आघाडीने चौदा वृत्तनिवेदकांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार टाकला. त्याच महिन्यात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची, विरोधात बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला, ढाब्यावर न्या, असं कार्यकर्त्यांना सांगणारी ध्वनिफीत फिरली. एकाने दार लावलं, दुसऱ्याने चहा सांगितला. दोन्हीकडे पत्रकार आपल्या मर्जीतली वस्तू आहे, हाच समज. अमेरिकेत फेब्रुवारी 2025 पासून असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांना ओव्हल ऑफिसाबाहेर ठेवलं गेलं. कारण इतकंच की ही संस्था 'मेक्सिकोचं आखात' हे जुनं नाव सोडायला तयार नव्हती. ती संस्था निदान कोर्टात गेली. तालुक्याचा वार्ताहर कुठे जाणार?

निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण 53' हे परिपत्रक होतं. जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी. 1938 मध्ये आ. कृ. वाघमारे यांना 'मराठवाडा' हे पत्र पुण्यातून काढावं लागलं आणि निजामाने ते आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही. त्या राज्याविरुद्ध लढलेल्या मुलखात आज सभेची बातमी करणाऱ्याला परवानगी लागते, हे मला लागतं.

बाबासाहेबांनी 2 डिसेंबर 1948 ला घटना समितीत सांगितलं होतं की वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळा असा खास हक्क नाही, म्हणून घटनेत त्याचा वेगळा उल्लेख नको. मी ते असं वाचतो की गेटवर मला अडवलं तेव्हा वाचकाला अडवलं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे, चांगला आहे. पण त्यातला पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे तो. झेरॉक्सच्या दुकानावर पोट असलेला माझ्यासारखा माणूस त्यात बसवायचा कसा?

मतमोजणीच्या दिवशी मात्र उमेदवाराची यादी चालत नाही. तिथे निवडणूक आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला उमेदवार अडवू शकत नाही. मग मंत्र्याचा शासकीय कार्यक्रम आणि पोलीस बंदोबस्तातली प्रचारसभा यांनाही तीच रीत का नको? पास जिल्हा माहिती कार्यालयाने द्यावा. त्याचे निकष आधी नोटीस बोर्डावर लागावेत आणि त्यांत तालुका वार्ताहर, साप्ताहिकवाले, यूट्यूबवर बातम्या देणारे यांची सोय असावी. जागा कमी असेल तर चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला नाकाराल त्याला कारण लेखी द्यावं, खाली सही आणि हुद्दा असावा. आज गेटवर 'वरून आली' एवढंच उत्तर मिळतं. त्या 'वर' बसलेल्या माणसाचं नाव कागदावर आलं, की माहितीच्या अधिकारात पुढचा अर्ज मी त्याच्याच नावाने टाकेन.