मुक्काम पोस्ट कोठे? यवन इरिलापासून वाहन परवान्यापर्यंत (थ्रेड)

१/
परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या पाकिटात पुष्कळदा दोन लायसन्स असतात. एक तिकडचे. दुसरे इकडचे, ज्यावर ‘ता. जुन्नर, जि. पुणे’ किंवा ‘ता. आंबेगाव, जि. पुणे’ असा पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर तो कैक वर्षे राहत नाही. मग हा पत्ता खरा मानावा की खोटा? प्रश्न कारकुनी वाटतो. पण जुन्नरच्या डोंगरांत या प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

२/
माझे मत आरंभीच सांगतो. लायसन्सवरचा गावचा पत्ता हा आपल्या मुळाचा पुरावा आहे, वास्तव्याचा नव्हे. मूळ आणि वास्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत नागरिकाने केली तर ती लबाडी ठरते आणि कचेरीने केली तर तो अन्याय ठरतो. आता पुराव्यांकडे वळू.

३/
सातवाहनकाळात कोकणातून घाटावर येणारा माल नाणेघाटाने चढे आणि जुन्नरास पोहोचे. कल्याण, सोपारा, भडोच या बंदरांशी जुन्नर असे जोडलेले होते. व्यापाराबरोबर दान आले आणि दानाबरोबर लेणी. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा अशा गटांत मिळून येथे दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांतील लहानमोठ्या ब्राह्मी लेखांत दात्यांनी आपली ओळख कशी सांगितली आहे, ते पाहण्याजोगे आहे.

४/
लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे लेणे क्रमांक ६, हे हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान. लेख त्याला कल्याणचा म्हणतो. दुसऱ्या एका लेखात बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित हे भाऊ येतात. त्यांनी दोन खोल्यांचे लेणे दिले, आणि लेख त्यांना भरुकच्छाचे, म्हणजे भडोचचे, म्हणतो. दान जुन्नरात, पैसा बहुधा जुन्नरच्याच व्यापारातला, पण नावापुढचा पत्ता दूरच्या बंदराचा.

५/
याहून रोचक आहेत ते यवन. शिवनेरीच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाचेही दान मानमोडीत आहे. इरिल आणि चिट यांच्या नावांना ‘गत’ असे विशेषण जोडलेले आहे. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद दिसते. ही माणसे येथे रुळली होती, येथील भाषेत लेख कोरवीत होती, तरी आपले परकेपण त्यांनी झाकले नाही.

६/
या लेखांचा नमुना ध्यानात घ्या. नाव, कुळ किंवा गाव, आणि दान. सध्या कोठे राहतो, हे कोणी लिहीत नाही. कारण उघड आहे. जो माणूस डोळ्यांसमोर उभा आहे, त्याच्या हजेरीला पुरावा कशाला? पुरावा लागतो तो न दिसणाऱ्या गोष्टीला, म्हणजे मुळाला. म्हणून दगडावर कोरले गेले ते मूळ.

७/
पण ओळख सांगणे धोक्याचेही ठरू शकते. १५व्या शतकात, सुमारे १४७० च्या आगेमागे, त्वेरचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. बहमनी राज्याचा तो काळ. विकण्यासाठी एक घोडा त्याने समुद्रापारहून आणला होता. पावसाळा त्याने जुन्नरातच काढला. या देशात तो ‘खोजा युसुफ खुरासानी’ या नावाने वावरत असे. आजच्या भाषेत, त्याने दुसऱ्याच गावचा पत्ता लावला होता.

८/
जुन्नरचा अधिकारी असदखान याला कळले की हा मुसलमान नसून रशियन आहे. त्याने घोडा ताब्यात घेतला आणि अट घातली: धर्म बदल, म्हणजे घोडाही परत आणि वर हजार मोहरा, न बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. निकितिन सुटला तो खुरासानच्या खोजा महंमदाने खानाकडे रदबदली केली म्हणून. हा सारा वृत्तांत निकितिनने स्वतःच लिहून ठेवला आहे.

९/
यातून दोन बोध निघतात. पहिला: उसना पत्ता वाटचाल सोपी करतो, पण उघडा पडला की माणसाला पुरता निराधार करतो. दुसरा: ज्या जगात कागद नाही, त्या जगात माणसाची शाश्वती दुसरा माणूस देतो. खोजा महंमद भेटला नसता तर? परवाना, पासपोर्ट, ओळखपत्र या साऱ्यांचा जन्म याच प्रश्नातून झाला. कोणा बड्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, म्हणून कागद.

१०/
आता गावाकडे येऊ. मराठेशाहीत गावच्या शेतकऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग होते. ज्याची जमीन वंशपरंपरेची, तो मिरासदार किंवा थळकरी. जो बाहेरून येऊन कराराने जमीन कसतो, तो उपरी. मिरासदाराला मान होता, गावच्या कारभारात शब्द होता. उपरी पिढ्यान्‌पिढ्या राबला, तरी कागदोपत्री पाहुणाच.

११/
मिराशीची विशेष गोष्ट अशी की, मिरासदार दुष्काळाने वा जाचाने परागंदा झाला, तरी त्याचा हक्क सहजी बुडत नसे. दीर्घ काळानंतर तो किंवा त्याचा वारस परतला, तर आपली जमीन मागू शके. १८१८ नंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना या प्रथेचे नवल वाटले आणि त्यांनी तिची सविस्तर नोंद केली.

१२/
आपल्या अर्जांतील दोन रकाने आठवा: ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’. मला त्यांत मिरासदार आणि उपरी यांचीच सावली दिसते. कायमचा पत्ता म्हणजे मिरास; माणूस नसला तरी टिकणारी. सध्याचा पत्ता म्हणजे उपरीपण. माणूस असला तरी न टिकणारे. लंडन वा दुबईत राहणारा जुन्नरकर एकाच वेळी गावचा मिरासदार आणि तिकडचा उपरी असतो.

१३/
या चित्रात लायसन्स आले कोठून? ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने चालकाला परवाना आवश्यक केला, तेव्हा त्याच्यासाठी कोणतीही चाचणी नव्हती. पाच शिलिंग भरा, परवाना घ्या. उद्देश इतकाच की, चालकाची ओळख पटावी. वाहन चालवण्याची सक्तीची चाचणी तेथे १९३५ साली आली. म्हणजे लायसन्स हे जन्माने ओळखपत्र आहे. कौशल्याचा दाखला ते मागाहून झाले.

१४/
हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा, मग १९३९ चा, आणि आज लागू असलेला १९८८ चा. परवान्यासाठी पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पत्ता परवान्यावर छापला जातो. आणि पुढे तोच परवाना इतरत्र पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांच्याबरोबर लायसन्सही अधिकृत वैध कागदपत्र आहे. पण एका कागदाने दुसऱ्याची साक्ष द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याची, या साखळीत मूळ पडताळणी किती जुनी आहे, हे कोणी विचारत नाही.

१५/
परदेशांत हा विचार अधिक कडक आहे. ब्रिटनमध्ये घर बदलले की परवान्यावरचा पत्ता बदलावाच लागतो. न बदलल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत २००५ च्या रिअल आयडी कायद्यानुसार प्रत्यक्ष वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांच्या अशा परवान्याची मुदत त्यांच्या अधिकृत वास्तव्याशी बांधलेली असते. तिकडचे लायसन्स वास्तव्य सांगते. इकडचे, व्यवहारात, मूळ सांगते.

१६/
घोटाळा येथे होतो. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी ठरतो. त्याने बँकेला कळवून आपले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यायचे असते. पण हातात जुन्नरच्या पत्त्याचे, मुदतीतले लायसन्स आहे. ते पुढे केले की खाते तसेच चालू राहते. अनेकांना यात काही गैर वाटत नाही. ‘घर तर आमचेच आहे ना?’ घर आपलेच, यात वाद नाही. पण बँकेने विचारले होते ते राहता कोठे, हे. तिला मिरास दाखवून वास्तव्याचे उत्तर देणे म्हणजे ‘खोजा युसुफ खुरासानी’ होणे आहे.

१७/
उलट बाजूचा अन्यायही तितकाच खरा. गावात राहत नाही म्हणून गावाशी संबंध संपला, असे मानणारी वृत्ती कचेऱ्यांत भेटते. कायदा मात्र तसे म्हणत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आलेले कलम २०क पाहा. परदेशी राहणारा आणि तेथील नागरिकत्व न घेतलेला भारतीय, पासपोर्टवरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. मत द्यायला मात्र त्याने स्वतः यावे लागते. म्हणजे कायद्याने मिरास मान्य केली आणि हजेरीची अटही राखली. हा तोल मला शहाणपणाचा वाटतो.

१८/
दुसरे उदाहरण लायसन्सचेच. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एका वर्षाचा असतो. परदेशात असताना त्याची मुदत संपली, तर जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेनुसार तेथील भारतीय वकिलातीत अर्ज करता येतो. अर्ज इकडच्या संबंधित परिवहन कार्यालयाकडे येतो आणि नवा परवाना परदेशातल्या पत्त्यावर धाडला जातो. शासनाला त्या माणसाचे दोन्ही पत्ते ठाऊक आहेत आणि दोन्ही मान्य आहेत. मूळ लायसन्सवर मात्र एकाच पत्त्याला जागा.

१९/
‘कायमचा’ या शब्दावरही थोडे थांबू. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय आहे घोडेगाव. मग आंबेगाव कोठे आहे? ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. ज्या जलाशयाने गाव पोटात घेतले, त्याला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, पोटासाठी मुंबईला गेलेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी तेथेच परदेशी कापडाच्या लॉरीखाली प्राण दिलेले. आज हजारो लायसन्सवर ‘ता. आंबेगाव’ छापले जाते, ते एका बुडालेल्या गावाचे नाव आहे.

२०/
आणि माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि गावाचा मोठा भाग मातीखाली गेला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला प्रथम कळवले ते त्या वाटेने आलेल्या एस.टी.च्या चालकाने. जे वाचले, त्यांची घरे गेली, कागदही गेले. पुढे नवे माळीण जवळच वसवले गेले, नाव तेच राहिले. जे घर कागदावर ‘कायमचे’ होते, ते एका सकाळी नाहीसे झाले. आणि तरीही माणसे माळीणचीच राहिली. पत्ता म्हणजे केवळ भिंती नव्हेत, हे याहून ठळक कोण सांगेल?

२१/
म्हणून माझी मागणी साधी आहे. लायसन्सच्या नोंदीत दोन पत्ते असावेत: मूळ पत्ता, आणि तारखेसह सध्याचे वास्तव्य, मग ते परदेशातले का असेना. कार्डावर दोन्ही छापायची गरज नाही. नोंदीत असले तरी पुरे. कोणत्या कामासाठी कोणता पत्ता ग्राह्य, हे प्रत्येक कचेरीने स्पष्ट लिहावे. मतदानासाठी, वारसाहक्कासाठी मूळ. बँकेसाठी, करासाठी वास्तव्य.

२२/
आक्षेप येईल की, यामुळे शासनाच्या हाती नागरिकाची आणखी माहिती जाईल. आक्षेप रास्त आहे आणि नोंदीच्या गुप्ततेचे बंधन त्याबरोबर यायलाच हवे. परंतु आजची स्थिती गुप्ततेची नाही, संदिग्धतेची आहे. संदिग्धतेत लबाड माणसाचे फावते आणि सरळ माणसाला खेटे घालावे लागतात. खोजा महंमद शोधण्याची वेळ सरळ माणसावर येते.

२३/
मित्रहो, पुढच्या वेळी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढाल तेव्हा गणपतीच्या दर्शनानंतर चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरचा लेखही पाहा. कल्याणच्या सुलसदत्ताने आपले गाव तेथे कोरून ठेवले आहे. राहतो कोठे, याविषयी त्याने खोटे सांगितले नाही आणि आलो कोठून, हेही लपवले नाही. एवढा प्रामाणिकपणा नागरिकाने दाखवावा, आणि तो नोंदवायला कचेरीने जागा द्यावी.

२४/
तुमच्या घरात जुनी सनद, मिराशीचा कागद, पणजोबांचा पासपोर्ट वा मोटारीचा परवाना असेल, तर त्यावर पत्ता कसा लिहिला आहे, ते खाली जरूर सांगा. आजचे खासगी पत्ते मात्र टाकू नका. गावाचे नाव, साल आणि लिहिण्याची रीत पुरेशी आहे. (थ्रेड समाप्त)