भविष्यवाणी परतण्याची, शिक्का कार्यालयाचा

नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्रायलच्या मंत्रिमंडळाने मणिपूर-मिझोराममधल्या ब्नेई मेनाशे समाजाच्या सुमारे ५,८०० जणांना २०३० पर्यंत आपल्याकडे आणायचं ठरवलं. अशी बातमी आली की 'बायबलची भविष्यवाणी खरी ठरली' हे मेसेज फिरणारच. पण ही भविष्यवाणी आहे काय, आणि ती कोणाला लागू होते हे ठरवतं कोण?

इसवीसनापूर्वी ७२२ च्या सुमारास असिरियाने इस्रायलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. मेनाशे हा तिथल्या पांगलेल्या वंशांपैकी एक. ब्नेई मेनाशे आपलं नातं त्याच्याशी सांगतात. पुढे ५८६ मध्ये बॅबिलोनने जेरुसलेम पाडलं. परत येण्याची वचनं या पडझडीच्या आसपासची आहेत. यहेज्केलला वाळलेल्या हाडांत जीव येताना दिसतो. यिर्मया जास्त व्यवहारी. शहराला वेढा पडलेला असताना तो अनाथोथचं शेत सतरा शेकेल चांदीला विकत घेतो आणि खरेदीखत मडक्यात जपून ठेवायला लावतो. पुनर्विकासाचा करारनामा कपाटात ठेवून ताब्याची वाट पाहणाऱ्या मीरा-भाईंदरकरांना हे समजावून सांगायला नको.

हाच यिर्मया बॅबिलोनला नेलेल्यांना मात्र कळवतो की तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं मागा. सुटका ७० वर्षांनी. व्हायरल मेसेजमध्ये हा भाग सहसा नसतो.

कोकणातले बेने इस्रायल असेच रुजले. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. भाषा मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर. मीरा-भाईंदरच्याच जिल्ह्यात, ठाणे शहरात, त्यांचं १८७९ चं सिनेगॉग आजही उभं आहे.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर यातले बहुतेक तिकडे गेले. १९५० च्या कायद्याने ज्यूंना परतण्याचा हक्क दिला होता. तरी १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी फर्मान काढलं: बेने इस्रायलपैकी कोणाला समाजाबाहेर लग्न करायचं असेल, तर आधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे शेकडो वर्षं शनिवार पाळूनही ज्यू असल्याचा पुरावा द्या! मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं, तेव्हा कुठे हा वाद निवळला. भारतात राहिलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

ब्नेई मेनाशेंची वाट आणखी अवघड आहे. २००५ मध्ये तिथल्या एका प्रमुख धर्मगुरूंनी त्यांना हरवलेल्या वंशाचे वारस मानलं, पण धर्मांतराचे विधी मात्र चुकले नाहीत. आता येणाऱ्यांनाही ते करावे लागतील. त्यानंतरच ज्यू म्हणून त्यांचं नागरिकत्व पक्कं होईल.